विहाराच्या दाराचा दुसरा पल्ला

तुम्ही गेलात त्याला आज सव्वीस दिवस झाले. पहिला आठवडा घर माणसांनी भरलेलं होतं. जलदान विधी झाला, वंदना झाली, भंतेजी बोलले, एसटी आगारातले तुमचे जुने मेकॅनिक येऊन मान खाली घालून बसून गेले. या सगळ्यात लाकूड कोरायच्या मशीनच्या खोलीचं कुलूप मी काढलं नाही. आठव्या दिवशी सगळे आपापल्या गावी गेले आणि मग काढलं.

सगळं तसंच होतं. चारी कोपऱ्यांना तुम्ही आवळलेल्या पकडी, फळीवर भुसा, आणि फळीच्या मधोमध, एका पिंपळपानाच्या देठाशी थांबलेलं मशीनचं कोरायचं टोक, बिट. एका बाजूला पानं कोरलेली, दुसऱ्या बाजूला कोरी फळी. ते बिट तिथं मी थांबवलं होतं.

आधी भांडण पुरं करते. तुम्ही ते अर्ध्यात सोडून गेलात, आणि अर्धा सौदा उशाशी घेऊन झोपायची मला सवय नाही.

ती फळी तुम्ही मला न विचारता घेतलीत. औशाच्या त्या पडक्या घरासाठी मी तीन चकरा मारल्या होत्या. मालक पुण्याला, किल्ली शेजाऱ्याकडे, आणि शेजारी असा की चहा पाजायचा पण घराचं दार दाखवायचा नाही. शेवटी ते दार मिळालं. दोन पल्ले, एकाच झाडाचं जुनं सागवान, दीड इंच जाड, एकसुद्धा गाठ नाही. माझं माहेर इस्लापूरचं. बाप लाकडाच्या डेपोत हमाली करायचा. सागवान मी वासावरून ओळखते हे तुम्ही लोकांना कौतुकानं सांगायचात, म्हणून तुम्हाला पुन्हा सांगत नाही. एका पल्ल्याची फळी तुम्हाला विहाराच्या दारासाठी दिली. तुमच्या मुदखेडजवळच्या गावात नवं विहार होतंय, दार आपल्याकडून दान, हे तुम्ही गावात कबूल करून आला होतात आणि घरी मला नंतर सांगितलंत. तरी दिली. दुसरी फळी मी उदगीरच्या एका मास्तरांना विकली होती, शब्द दिला होता, तिच्यावर खडूनं फुली मारली होती. आपल्या जुन्या लाकडाच्या वखारीत फुली म्हणजे माल गेला. वखारीत येणाऱ्या हमालालासुद्धा हे माहीत आहे.

तुम्ही ती फुली पुसलीत. ओल्या फडक्यानं पुसलीत, कारण फळीवर पाण्याचा डाग होता. हे मी अजून माफ केलेलं नाही. माणूस गेल्यावर त्याचं सगळं माफ होतं असं सगळे म्हणतात. मला ते जमत नाही, आणि जमलं तर मला वाटतं तुम्ही आणखी थोडे जाल.

मशीन आणली तो दिवस आठवतो. नांदेडला युसूफभाईंच्या दुकानात आपण दोघं गेलो होतो. तुम्ही नुकतेच रिटायर झालेले, हातांना काम नाही म्हणून घरातले नळ खोलून पुन्हा बसवणारे. युसूफभाई लाकडी दारांवर मशीननं नक्षी काढायचे, आता त्यांना मोठी मशीन घ्यायची होती आणि ही छोटी काढायची होती. सात फूट बाय तीन फुटांचं टेबल, वर आडवी पट्टी, पट्टीवर फिरणारी मोटर, मोटरीच्या टोकाला बिट. लॅपटॉपवर चित्र द्यायचं की बिट आपोआप हिंडून लाकूड कोरतं. तुम्ही तिच्याकडे असं बघत होतात की भाव आधीच वाढला. मी तुम्हाला बाहेर चहाला पाठवलं. आठवतं? जाताना तुम्ही मला हातानं खूण केली, फार ताणू नको. मी ताणलं. दोन तास ताणलं. एकदा पायऱ्या उतरून रिक्षात जाऊन बसलेसुद्धा. शेवटी मशीन, लॅपटॉप, डबाभर बिटं, आणि वर चार रविवार युसूफभाईंनी लातूरला येऊन शिकवायचं, एवढं एका भावात बसवलं. युसूफभाई तुम्हाला म्हणाले होते, "मिस्त्री, भाभींना आमच्या दुकानात बसवा, मी तुमच्या घरी येऊन राहतो."

ते चार रविवार मी मिळवले आणि शिकलात तुम्ही.

पहिल्या रविवारी युसूफभाई गेले आणि तुम्हाला दम निघेना. नेमप्लेटसाठी आंब्याची एक फळी लावलीत. किती खोल कोरायचं, असं लॅपटॉपनं विचारलं. तुम्ही उभ्या आयुष्यात सगळं सुतात मोजलेलं, आठ सुतांचा एक इंच. तुमच्या डोक्यात तीन सूत आले आणि तुम्ही तीन लिहिलंत. मशीनला सूत कुठलं माहीत? तिनं इंच धरले. बिट फळीत गेलं, फळीतून टेबलात गेलं, आणखी खाली जायला जागा नव्हती तरी रेटत राहिलं. खोलीभर धूर. तुम्ही बटण शोधताय आणि मी दारात उभी राहून ओरडतेय, "अहो, लाकूड जाळून राहिली की तुमची मशीन!" बिट तुटून भिंतीवर आदळलं तेव्हा आपण दोघंही खाली बसलो. मग तुम्ही त्या काळ्या भोकात बोट घातलंत आणि म्हणालात, "निर्मला, भोक झालं, आता नळ बसवू." मी किती हसले होते. टेबलाला ते भोक अजून आहे. तुम्ही त्यात पेन्सिल उभी करून ठेवायचात.

त्यानंतर तुम्ही सगळी मापं वहीत मिलिमीटरमध्ये उतरवून घेतलीत. एक सूत म्हणजे तीन पॉइंट एक सात पाच. दहावी नापास माणूस आणि साठीत लॅपटॉपशी बसलेला, ओठ हलवत एकेक इंग्रजी शब्द वाचणारा. मी वखारीत गिऱ्हाइकाशी बोलता बोलता खिडकीतून बघायचे. तुम्हाला वाटायचं मी रागानं बघते. कधी कधी रागानंच बघायचे, पण दर वेळी नाही.

एकदा मीही म्हटलं, मला दाखवा. तुम्ही दाखवलंत. बिटाचं टोक फळीला नेमकं कुठं टेकतं ते मशीनला आधी सांगावं लागतं, त्यासाठी फळीच्या मधोमध पेन्सिलीचा ठिपका काढायचा; त्याला तुम्ही झिरो म्हणायचात. फळीवर बसचं जुनं तिकीट ठेवायचं, बिट केसाकेसानं खाली आणायचं, तिकीट ओढून बघायचं, सरकतं का, सरकतं का, आणि जरासं अडलं की थांबायचं. मी दोनदा ओढलं आणि तिसऱ्यांदा बिट एकदम खाली आणलं. तिकीट फाटलं, बिटाचं टोक उडालं. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर मी परत ओरडले असते आणि संध्याकाळपर्यंत विसरले असते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुझ्यात सबूर नाही, निर्मला. तू भाव कर. हे राहू दे."

दोन वर्षं मी ते वाक्य सांभाळून ठेवलं होतं. लाकडाच्या गिरणीबाहेर ढलप्या वेचून डोक्यावरून विकणारी बाई स्वतःची वखार घालते, ती सबुरीशिवाय? औशाच्या दारासाठी तीन चकरा मारल्या त्या काय होत्या? हे सगळं मी मनात तयार ठेवलं होतं, एखाद्या दिवशी तुमच्यासमोर मांडायला. पुन्हा त्या मशीनला हात लावला नाही. उंबऱ्यावर बसायचे, पण आत नाही.

तरी प्रत्येक फळीला माझा हात लागला, हे खरं आहे. जुन्या लाकडात खिळे असतात. वरून तुटलेले, आत राहिलेले. बिटाच्या वाटेत खिळा आला की बिट तुटून गोळीसारखं उडतं. तुम्ही लोहचुंबक फिरवायचात, पण खोलवर गेलेला बारीक खिळा त्याला सापडायचा नाही. मग तुम्ही फळी घेऊन उंबऱ्यापाशी यायचात आणि म्हणायचात, "हात फिरव." मी वीस वर्षं जुन्या दारांचे खिळे उपसलेत. खिळ्याच्या आसपास लाकूड जरासं काळं आणि कठीण झालेलं असतं, बोटाला कळतं. मी डोळे मिटून हात फिरवायचे. तुम्ही समोर उकिडवे बसून माझ्या तोंडाकडे बघायचात, जसं काही मी नाडी बघतेय. "इथं," मी म्हणायचे, आणि तुम्ही तिथं पेन्सिलीनं गोल करायचात. कधी एकदाही शंका घेतली नाहीत. तुम्ही मला सबूर नाही म्हणालात हे जितकं खरं, तितकंच हेही खरं. ही दोन्ही एकाच माणसाची कशी, ते मला जुळवता येत नाही.

त्या दिवशी मी औशाहून आले होते. आणखी एका घराचं लाकूड बघायला गेले होते आणि सौदा फिसकटला होता. ऊन, धूळ, दोन बस बदललेल्या. अंगणात आले तर मशीनचा आवाज. आत डोकावले आणि मास्तरांची फळी मशीनवर. निम्मी पानं कोरून झालेली. मी हाक मारली. तुम्ही कानाला पंचा गुंडाळलेला, तोंडावर रुमाल, पाठ माझ्याकडे. दुसरी हाक मारली. तिसऱ्यांदा मी अशी ओरडले की शेजारच्या मावशी दारात आल्या. तुम्ही वळला नाहीत. तुम्हाला ऐकू आलं नव्हतं हे मला आज कळतं, आणि खरं सांगू, मला तेव्हाही कळत होतं. मी बोर्डाकडे गेले आणि मेन बटण खाली ओढलं.

एकदम शांत झालं. मोटर दोन गिरक्या घेऊन थांबली. तुम्ही पंचा सोडला, बोर्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"झिरो गेला, निर्मला."

"माझी फळी गेली," मी म्हणाले.

"पेन्सिलीचा ठिपका फळीच्या मधोमध होता. तो कोरून गेला. आता कुठून धरायचं?"

"मला नका विचारू. मला कुठं विचारून घेतली होती?"

तुम्ही फडक्यानं हात पुसले आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलंत. भांडला नाहीत. तुम्ही भांडला नाहीत की माझ्या अंगाचा भडका व्हायचा, हे तुम्हाला माहीत होतं.

दोन दिवस आपण बोललो नाही. मी जेवण वाढत होते, तुम्ही जेवत होतात, ताट उचलत होतात. लाकडाच्या धंद्यात मी एक गोष्ट पक्की शिकले: भाव ठरताना जो आधी तोंड उघडतो त्याला उतरावं लागतं. मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही उंबऱ्यापर्यंत आलात, मी खिळे निवडत होते तिथं. उभे राहिलात. मला वाटलं, आता बोलतील. मी मान वर केली नाही. तुम्ही थोडा वेळ थांबून परत गेलात. काय बोलायचं होतं? फळीबद्दल होतं, की छातीत दुखतंय असं काही होतं? मी मान वर केली असती तर तोंडावरून कळलं असतं का? रोज सकाळी मी खिळ्यांचा डबा पुढ्यात घेऊन त्याच जागी बसते आणि ही एकच गोष्ट उलटसुलट करते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळीचं पाणी काढायला गेलात. बादली पडल्याचा आवाज आला आणि मी आतूनच म्हणाले, "सांडा, अजून सांडा." दोन दिवसांनी मी तुमच्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. तुम्ही ते ऐकलंत की नाही, तेही मला माहीत नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय. आतून बरेच दिवस सुरू असणार. मी त्यांना विचारलं, धक्क्यानं होतं का, कुणी ओरडलं, राग गिळला, तर होतं का. ते तरुण होते, चांगले होते. म्हणाले, असं सांगता येत नाही. त्यांना मी आणखी दोनदा गाठून विचारलं. आयुष्यभर समोरच्याकडून हवं ते वदवून घेतलं, पण त्यांच्याकडून हो निघालं नाही आणि नाहीही निघालं नाही.

जलदानाच्या दिवशी तुमचा चुलतभाऊ बापू माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ टोपी चाळवत होता. मग म्हणाला, "वहिनी, आत्ता इचारू न्हाई, पण दाराचं कसं करावं? पौर्णिमेला इहार उघडायचं ठरलंय. न्हाई झालं तर साधी फळी ठोकून घेतो. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका." मी म्हणाले, दार मिळेल. का म्हणाले ते मला माहीत नाही. बोलून गेले. आणि शब्द दिला की मी तो पाळते, तेवढीच माझी इज्जत आहे बाजारात. मास्तरांना दिलेला तुम्ही मोडायला लावलात; हा मोडायचा नव्हता.

युसूफभाईंना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी आले, आधी तुमच्या फोटोसमोर उभे राहिले, मग मशीनसमोर. लॅपटॉपमध्ये चित्र होतं. तुम्ही नाव दिलं होतं 'गाव दार २'. मला वाटलं, झालं तर मग, सुरू करा. युसूफभाईंनी मान हलवली. "भाभी, इसकू कुछ याद नै रहता. लाईट गई, सब भूल गई. आता ही कुठं उभी आहे तेच हिला माहीत नाही." नवी फळी लावा, पहिल्यापासून कोरून देतो, असं ते म्हणाले. पण त्या झाडाची तिसरी फळी नाही. दुसऱ्या लाकडाचा पल्ला शेजारी लावला तर पाच वर्षांत रंग वेगळा पडेल. आणि तेही खरं कारण नाही. खरं कारण ती निम्मी पानं. ती तुम्ही कोरलेली शेवटची होती. ती काढून फळी बंबात घालायची?

मग अंदाजानं जुळवायचं, युसूफभाई म्हणाले. बिट काढून त्याजागी सुई लावायची. झिरो अंदाजानं धरायचा, सुई फळीच्या जराशी वर ठेवायची आणि सगळं चित्र हवेतच चालवायचं. सुई तुमच्या कोरलेल्या पानांवरून हिंडते. रेषेवरून गेली तर जुळलं. नाही गेली तर झिरो केसभर सरकवायचा, पुन्हा पहिल्यापासून चालवायचं. एक फेरी चार तासांची. त्यांनी मला दोन दिवस शिकवलं, वहीत मराठीत लिहून दिलं, आणि जाताना विचारलं, मीच राहू का दोन-चार दिवस? मी नको म्हणाले. ते चार रविवार आता मला माझ्या हातानं वसूल करायचे होते.

मी सुई चालवू लागले. सकाळी एक फेरी, दुपारी एक. वखार बंद ठेवली. पहिल्या फेरीत सुई तुमच्या पानांच्या शेजारून गेली, जशी ओळखीची बाई बाजारात तोंड फिरवून जाते. सरकवलं. मग वरची पानं जुळली आणि खालची निसटली. पुन्हा सरकवलं. मी खुर्ची ओढून टेबलाला नाक लावून बसायचे. तुम्ही कोरलेल्या प्रत्येक पानाची शीर मला पाठ झाली. एका पानाचं टोक तुम्ही उजवीकडे वळवलंय, वाऱ्यानं हलल्यासारखं, बाकी सगळी सरळ. पहिल्या पल्ल्यावर बघितलं, तिथंही एकच आहे. कधी काढलंत ते? मला का नाही दाखवलंत? दाखवलं असेल आणि मी "हो, छान" म्हणून गिऱ्हाइकाकडे गेले असेन. तसंच झालं असणार.

बाराव्या की तेराव्या फेरीआधी मला आठवलं, या फळीवर मी हात फिरवलेला नाही. तुम्ही चोरून घेतली होती, मला कसं म्हणणार, हात फिरव? मी डोळे मिटून कोऱ्या भागावर बोटं फिरवली आणि बिट थांबलं होतं तिथून चार बोटांवर मला खिळा लागला. आत मोडलेला, बारीक. अगदी पुढच्या पानाच्या वाटेत. तुम्ही टेबलावर वाकून काम करायचात, तोंड बिटापासून हातभर लांब.

मी तो खिळा उपसून हातात घेऊन बसले. इथं मला सूट मिळत होती. मी बटण ओढलं म्हणून बिट तुटलं नाही, डोळा वाचला, जीव वाचला, असं म्हणता आलं असतं. शेजारच्या मावशींना सांगितलं तर त्या तेच म्हणाल्या, बघ, चांगल्यासाठीच झालं. पण मला खिळा माहीत नव्हता. मी खिळ्यासाठी बटण ओढलं नव्हतं. तुमच्यापाशी खोटा माल खपवायचा नाही, एवढं मी लग्नापासून पाळलंय. खिळ्याचं भोक लाकडाची काडी ठोकून बुजवलं आणि सुई पुन्हा चालू केली.

परवा सकाळी सुई अर्ध्या सुताच्या आत आली. त्याच्या पुढं येईना. इकडे सरकवली की तिकडे जाई. युसूफभाईंना फोन केला, ते म्हणाले, भाभी, एवढं आलं हेच खूप आहे, माझ्यानंही झालं नसतं, आता उतरवा. मी बिट लावलं. तिकीट ठेवलं. बिट केसाकेसानं खाली आणलं, तिकीट ओढलं, सरकलं, ओढलं, सरकलं. अडलं तिथं थांबले. आणि मग मशीन सुरू करायच्या बटणावर बोट ठेवून मी किती वेळ बसले कोण जाणे. एकदा बिट लाकडात उतरलं की तुमची पानं जशी तुम्ही सोडलीत तशी राहणार नव्हती. तुमच्या रेषांवर माझं बिट चालणार होतं. तुम्हाला विचारायला हवं होतं. मी विचारलं, मोठ्यानं विचारलं, आणि खोलीत लॅपटॉपचा पंखा तेवढा फिरत होता.

मी बटण दाबलं.

चार तास मी उभी होते. वरची पानं जुळलेली, तिथं बिट तुमच्याच रेषांतून गेलं. कोऱ्या भागात पानं उमटत गेली, स्वच्छ. पण मधे, जिथं तुमचं संपलं आणि माझं सुरू झालं, तिथं चार-पाच पानांच्या कडा दुहेरी झाल्या. एक रेष तुमची आणि तिला घासून अर्ध्या सुतावर दुसरी. पॉलिश पेपरनं घासायला घेतलं आणि सोडून दिलं. घासलं तर तुमची रेष आधी जाते, ती कमी खोल होती.

काल बापू आणि त्याची बायको गयाबाई टेम्पो घेऊन आले. दोन्ही फळ्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. बापूनं तळहात फिरवला, एकावरून, मग दुसरीवरून. "एकाच हाताचं काम वाटतं, वहिनी," तो म्हणाला.

मला ते घेववेना. मी म्हणाले, दुसरीत जोड आहे. त्यानं चष्मा लावून पाहिलं, त्याला दिसेना. मी त्याचं बोट धरून त्या दुहेरी कडेवर ठेवलं. मशीन मधेच बंद झाली होती, म्हणाले.

"लाईट गेली आसंल," बापू म्हणाला.

"लाईट गेली नव्हती. मी बंद केली. रागात. ते काम करत होते आणि मी मागून येऊन बंद केली."

बापूनं चष्मा काढून खिशात ठेवला. गयाबाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "आसू द्या, बाई," ती म्हणाली. "आमच्याकडं तर रोज जाती. लाईटीचं काय घेऊन बसलाव."

तिला ऐकू आलं नव्हतं असं नाही. तिनं ते बाजूला ठेवलं, दुःखातल्या बाईचं बोलणं बाजूला ठेवतात तसं. त्यांनी फळ्या गोधडीत गुंडाळल्या, टेम्पोत नीट आडव्या ठेवल्या, मधे जुनं पोतं घातलं. बापू म्हणाला, उद्घाटनाच्या दिवशी दादाचं नाव घेऊ, तुमचंही घेऊ, पुढं बसा. मी येते म्हणाले.

पौर्णिमेला मी जाईन. लोक दारावरून हात फिरवतील, बरं म्हणतील. दार पुढं पन्नास-साठ वर्षं उघडेल-मिटेल, आणि त्या चार-पाच पानांपाशी काय झालं ते कुणाला कळणार नाही. तुम्हाला एका नजरेत कळलं असतं. तुम्ही काही बोलला नसतात, बोट ठेवून माझ्याकडे बघितलं असतं, एवढंच. मला आता ते बघणं हवंय. राग असू द्या त्यात, कितीही असू द्या. गेले सव्वीस दिवस जो भेटतो तो मला समजावतो, आणि ज्याचं मी बिघडवलं त्या एका माणसाला सोडून सगळ्यांनी मला माफ करून टाकलंय.